मोठ्याच्या मटणावरचे छोटे युक्तिवाद

बीफचा विषय निघाला की दोन मजकूर हमखास फिरायला लागतात. एकात जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला असतो: बीफ सिगारेटइतकंच घातक आहे, जगाने मान्य केलं, आता तरी सुधारा. दुसऱ्यात बीफ हे ‘गरिबांचं प्रोटीन’ असतं आणि ते हिरावलं म्हणूनच महाराष्ट्राची पोरं खुरटली, असा ठाम निष्कर्ष असतो. 2025 च्या पावसाळ्यात मांसाचा धंदा करणाऱ्या कुरेशी समाजाने जनावरांच्या खरेदी-विक्रीवर बहिष्कार टाकला. भाकड म्हैस विकायची कुठे, या विवंचनेत शेतकरी अडकला. तेव्हा तरी चर्चा जमिनीवर येईल असं वाटलं होतं. आली नाही. ती पुन्हा कर्करोग आणि कुपोषण या दोन टोकांना जाऊन बसली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चरबी काढलेलं बीफ, खाणाऱ्याला ते खायचं असेल तर, आठवड्यातून दोन-तीनदा, तळहाताएवढ्या वाटणीत, डाळ-भाजीच्या सोबतीने निरोगी आहारात सहज बसतं. ते विष नाही आणि टॉनिकही नाही. ज्याला ते नको आहे त्याचं त्यावाचून काही अडत नाही. आणि आपल्याकडच्या वादात सगळ्यात मोठी गफलत अशी की, ज्यांच्या ताटात मांस जवळपास नसतंच त्यांना आपण रोज पाव किलो मांस खाणाऱ्यांसाठी लिहिलेले इशारे ऐकवतो. ज्यांनी ते इशारे ऐकायला हवेत, ते मात्र बीफ खात नसल्यामुळे स्वतःला सुरक्षित समजतात.

श्रद्धेमुळे गोमांस न खाणं हे स्वतःच्या पायावर उभं असलेलं कारण आहे. त्याला प्रयोगशाळेचा टेकू लागत नाही. मग तो शोधला का जातो? ही सवय जुनी आहे. 24 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत ठाकुर दास भार्गव यांनी गोवधबंदीची दुरुस्ती मांडली. ती पुढे अनुच्छेद 48 मध्ये आली, आणि आली ती शेती व पशुसंवर्धन आधुनिक आणि शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्याच्या वाक्याला जोडून. त्या चर्चेत संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी यांनी सभागृहाला एवढंच सांगितलं की, बंदी घालायची असेल तर ती स्पष्ट, निःसंदिग्ध शब्दांत घाला, म्हणजे अल्पसंख्याकांना आपण कुठे उभे आहोत ते कळेल. आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला यांचाही रोख तोच होता: धार्मिक भावना म्हणून सांगाल तर ती मी समजू शकतो, पण तिच्यावर अर्थशास्त्राची झूल घालू नका. त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही. तेव्हा श्रद्धेने अर्थशास्त्राचा वेष घेतला होता, आज ती डॉक्टरचा पांढरा कोट घालते. यात नुकसान दोन्हींचं होतं. उद्या एखाद्या अभ्यासाने बीफ निर्धोक ठरवलं तर श्रद्धावान माणूस ते खायला लागणार आहे का? नसेल, तर त्या अभ्यासांना वादात ओढण्यात प्रामाणिकपणा किती?

कायद्याची स्थिती एका दमात सांगतो, कारण तीही अनेकांना नीट ठाऊक नसते. महाराष्ट्रात गाईची कत्तल 1976 च्या कायद्याने बंद झाली. 1995 मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही बंदीत आले. म्हैस आणि रेडा त्यात नाहीत. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण दुसऱ्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हणजे आज मुंबई, मालेगाव किंवा मिरजेत ‘मोठ्याचं’ म्हणून जे कायदेशीरपणे विकलं जातं ते म्हशीचं किंवा पाड्याचं, म्हणजे नर रेडकाचं, असतं. पुढे मी बीफ म्हणेन ते गाय-बैल आणि म्हैस-रेडा या दोन्हींचं मांस, अशा व्यापक अर्थाने. पोषणाच्या हिशेबात दोन्हींत फार अंतर नाही, आणि चरबीत आहे तेवढं म्हशीच्या बाजूने आहे.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 10 देशांतल्या 22 तज्ज्ञांकडून 800 हून अधिक अभ्यास तपासून घेतले. सॉसेज, सलामी, हॅम, बेकन असं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं गेलं, म्हणजे त्याने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध मानलं गेलं. ताजं लाल मांस त्याखालच्या ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात गेलं. हे खरं आहे आणि ते हसण्यावारी नेता येत नाही. मांस-उद्योगाने तेव्हा जी आदळआपट केली ती मला पटलेली नाही. पण तंबाखूही पहिल्याच गटात आहे म्हणून सॉसेज तंबाखूइतकं घातक ठरतं का? ते गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. धोक्याचा आकडा वेगळा आहे: रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता 18 टक्क्यांनी वाढते. पाश्चात्त्य देशांत आयुष्यभरात शंभरातल्या सुमारे पाच जणांना हा आजार होत असेल, तर त्या पाचाचे सहा होतात. ताज्या लाल मांसासाठी रोजच्या 100 ग्रॅममागे 17 टक्के असा अंदाज दिला गेला, तोही कार्यकारणभाव खरा निघाला तर, या अटीसह. रोज 100 ग्रॅम म्हणजे वर्षाला साडेछत्तीस किलो. भारतात सरासरी माणसामागे गोवंश आणि म्हैसवर्ग मिळून वर्षाला दोन किलोही मांस खाल्लं जात नाही.

आणि त्या अहवालातल्या लाल मांसात नेमकं काय काय येतं? बीफ येतं, डुकराचं येतं, मेंढीचं येतं आणि बोकडाचंही येतं. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभं राहून ‘बीफने कॅन्सर होतो’ हा मजकूर पुढे ढकलणाऱ्याने एवढं ध्यानात घ्यावं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत, जी आपल्याकडच्या आहारतज्ज्ञांच्या कैक पिढ्यांनी पाठ केली, 100 ग्रॅम कच्च्या मटणात 18.5 ग्रॅम प्रथिनं आणि 13.3 ग्रॅम चरबी दिलेली आहे. बीफच्या स्नायूत प्रथिनं 22.6 आणि चरबी 2.6. म्हशीच्या मांसात प्रथिनं 19.4 आणि चरबी एक ग्रॅमहूनही कमी. हे आकडे एका सरकारी संस्थेने शांतपणे छापले होते आणि त्यावर कधी दंगल झाली नाही. आरोग्याच्या कारणाने लाल मांस सोडायचं असेल तर सुरुवात कुठून करावी लागेल, हे वाचकाने स्वतःच ताडावं. आषाढाचा शेवटचा आठवडा त्या दृष्टीने सोयीचा नाही, हे मला मान्य आहे.

दुसरा मुद्दा मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो, आणि वादात तो जवळपास येतच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, आपली बाळं जन्मतःच वजनाने कमी पण चरबीच्या प्रमाणात पुढे असतात. हाडापेराने बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटात मधुमेह आणि हृदयविकाराची तयारी चाललेली असते. अशा शरीराला संपृक्त चरबीचा जादा भार परवडत नाही. लाल मांस भरपूर खाणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळतो, असंही मोठ्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तेव्हा ‘आमचे आजोबा खायचे आणि नव्वद वर्षं जगले’ हे उत्तर चालणार नाही. आजोबा किती खायचे, किती मैल चालायचे आणि त्यांची किती भावंडं पाचव्या वर्षाआधी गेली, हेही मग सांगावं लागेल.

पण याला उत्तर देणारा एक प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात कोलेस्टेरॉल वाढलेल्या 36 जणांना पाळीपाळीने पाच-पाच आठवडे ठरवून दिलेला आहार दिला. एका आहारात रोज सुमारे 28 ग्रॅम बीफ, दुसऱ्यात 113, तिसऱ्यात 153. बाकीचं ताट फळं, भाज्या, पूर्णधान्यं, कडधान्यं आणि कमी स्निग्ध दुधाचं, आणि संपृक्त चरबी तिन्हींतही कमी राखलेली. 2012 मध्ये निकाल छापून आले: घातक कोलेस्टेरॉल तिन्हींत जवळजवळ सारखंच उतरलं. बीफ वाढलं म्हणून फायदा बुडाला नाही. या प्रयोगाला पैसा अमेरिकेतल्या गुरंपालकांच्या निधीतून मिळाला होता. तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जनावरामागे एक डॉलर या निधीत जातो आणि त्यातून बीफची जाहिरातही होते, संशोधनही. म्हणून निकाल फेकून द्यावा का? मी देणार नाही, पण तो नेमका वाचीन. त्या प्रयोगाने बीफ औषधी आहे असं कुठेच दाखवलं नाही. उरलेलं ताट नीट असेल तर चरबी काढलेलं बीफ ते बिघडवत नाही, एवढंच दाखवलं. आणि काळ पाच आठवड्यांचा होता; आतड्याच्या कर्करोगाला वीस-वीस वर्षं लागतात.

‘चरबी काढलेलं’ ही पाटी अमेरिकेत इतकी मोठी का झाली, याचाही एक राजकीय किस्सा आहे. फेब्रुवारी 1977 मध्ये सेनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीने देशाला आहाराची उद्दिष्टं दिली. त्यात मांस कमी खा, असं साध्या शब्दांत लिहिलं होतं. गुरंपालकांनी गदारोळ केला. मॅकगव्हर्न स्वतः साउथ डकोटाचे, म्हणजे गुरांच्याच मुलखातले. डिसेंबरात सुधारित आवृत्ती आली तेव्हा ‘मांस कमी’ गायब होतं आणि त्या जागी संपृक्त चरबी कमी होईल असं मांस, कोंबडी आणि मासे निवडा, असा सल्ला आला होता. खाण्याच्या पदार्थावरून बोट उचलून त्यातल्या एका घटकावर ठेवलं की दुकानदार नाराज होत नाही. आपल्याकडेही साखरेचं नाव घ्यायची वेळ आली की असंच होतं, पण ते असो.

आपल्याकडे गंमत अशी की, चरबी नसलेलं बीफ मिळवायला फार धडपडावं लागत नाही. अमेरिकेत जनावर मक्यावर पोसून स्नायूंत चरबीची जाळी तयार करतात, त्या जाळीवरून मांसाची वरची प्रत ठरते, आणि मग आरोग्यासाठी चरबी छाटलेला तुकडा वेगळा घ्यावा लागतो. इथलं जनावर आयुष्यभर दूध देऊन किंवा कडब्यावर कसंबसं जगून खाटकाकडे पोचलेलं असतं. त्याच्या मांडीच्या मांसात चरबी असणार कुठून? मुंबईत ज्याला अंडरकट म्हणतात तो तुकडा तर जवळपास कोरडाच असतो. अडचण दुकानात नाही, चुलीवर आहे. मांस निबर म्हणून तेलात दामटून परतायचं, खोबऱ्याचं वाटण सढळ हाताने घालायचं आणि वर बोटभर तर्री आली नाही तर रस्सा फसला म्हणायचं. जनावराने जी चरबी आणली नाही ती आपण डब्यातून ओततो. अशा वाटीतल्या दोष-गुणांचा हिशेब मांसाच्या नावावर मांडणं अन्यायाचं आहे. तीच बाब खिम्याची: समोर चरबी काढून करून घेतला तर एक, आणि आधीपासून करून ठेवलेला आणला तर अगदी दुसरा.

आता ज्या बाजूला मी काहीसा झुकलेला आहे तिच्याकडे वळतो, कारण तिथेही अतिशयोक्ती कमी नाही. ‘बंदीमुळे कुपोषण वाढलं’ हा दावा घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांतला रक्तक्षय 2015-16 मध्ये 48 टक्के होता, 2019-21 मध्ये 54.2 झाला. आकडे बंदीच्या तारखांशी छान जुळतात. पण याच काळात तो देशभर वाढला आणि बीफवर बंदी नसलेल्या केरळातही वाढला. केरळात खुजेपणा कमी म्हणून बीफची बाजू मांडणाऱ्याने मेघालयही दाखवावं. तिथे बीफ खुलेआम आणि आवडीने खाल्लं जातं, आणि 2019-21 च्या त्याच पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा 46.5 टक्के म्हणजे देशात सर्वाधिक होता. केरळच्या 23.4 च्या जवळपास दुप्पट. फरक दवाखान्यांचा आहे, आईच्या शिक्षणाचा आणि लग्नाच्या वयाचा आहे, पाण्याचा आणि शौचालयाचा आहे. बीफ हे त्यातलं एक लहान चाक.

मांसातून बळ येतं ही समजूत तर किती जणांना भोवली! राजकोटच्या शाळकरी मोहनदासला मित्राने पटवलं होतं की इंग्रज मांस खातो म्हणून राज्य करतो. पोराने नदीकाठी लपून बोकड चाखला आणि रात्रभर पोटात ते बोकड ओरडतंय असं त्याला वाटत राहिलं. त्याच शतकात युरोपात युस्टस फॉन लीबिग या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने बीफचा अर्क बाटल्यांतून विकला जात होता. उरुग्वेत फ्राय बेंतोसला कारखाना होता. एक किलो अर्कासाठी तीसेक किलो मांस उकळायचं, म्हणजे एवढ्या मांसाचं सत्त्व एका बरणीत, असा हिशेब लोकांना पटला. नंतर शरीरशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की प्रथिनं जवळजवळ सगळी चोथ्यातच राहतात. बरणीत उतरते ती चव आणि थोडे क्षार. तोवर इस्पितळांतल्या रोग्यांना तो पाजून झाला होता.

तमिळनाडूतल्या कुन्नूरची गोष्ट मात्र जास्त कामाची आहे. 1920 च्या दशकात तिथे रॉबर्ट मॅक्करिसन या ब्रिटिश डॉक्टरांनी उंदरांचे गट करून प्रत्येकाला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचा आहार दिला. शिखांच्या आहारावरचे उंदीर सगळ्यात धष्टपुष्ट निघाले, मग पठाणांचे, तिसऱ्या क्रमांकावर मराठ्यांचे, आणि तळाशी बंगाली व मद्रासी. ‘लढाऊ जमाती’ मानणाऱ्या साहेबांना हे फारच आवडलं; मांस खाणारे वर, भात खाणारे खाली. पण शिखांच्या त्या ताटात होतं काय? सबंध गव्हाच्या पोळ्या, लोणी, दूध, मोड आलेली कडधान्यं, ताजा भाजीपाला आणि मांस फक्त अधूनमधून, थोडंसं. मॅक्करिसन यांनी भर दिला तो दूध, पालेभाज्या आणि न सडलेल्या, म्हणजे कोंडा न काढलेल्या, धान्यावर. त्यांची प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि तिचीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. उंदरांवरून माणसाबद्दल किती बोलावं याला मर्यादा आहेत, पण थोडं मांस आणि भरपूर बाकीचं, हे प्रमाण शंभर वर्षं झाली तरी फारसं बदललेलं नाही.

मग थोड्या मांसाने साधतं तरी काय? प्रथिनांचं भांडण मला दुय्यम वाटतं. डाळीत मांसाइतकीच प्रथिनं असतात असं सांगणारे तक्ते कच्च्या डाळीचे आकडे देतात. शिजलेल्या वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम उरतात. तरी भाकरी, आमटी, ताक आणि मूठभर शेंगदाण्यांत कमावत्या माणसाची गरज भागू शकते. खरा प्रश्न लोहाचा आणि बी-12 जीवनसत्त्वाचा आहे. प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह हवं, असं आपली वैद्यक संशोधन परिषद सांगते. हा आकडा इतका मोठा का, तर धान्य-भाजीतलं लोह अंगी फार थोडं लागतं, दोन ते वीस टक्के. आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. मांसातलं लोह पंधरा ते पस्तीस टक्के शोषलं जातं. शिवाय ताटात मांस असेल तर त्याच घासाबरोबरच्या डाळीतलं आणि मेथीतलं लोहही जास्त उचललं जातं. हे काम पन्नास-साठ ग्रॅमनेही होतं, त्याला पाव किलो लागत नाही. बी-12 तर वनस्पतींत नसतंच. 100 ग्रॅम बीफमध्ये दिवसाची गरज भागेल एवढं असतं. याज्ञिकांच्या पुण्यातल्या पाहणीत दोन-तृतीयांश पुरुषांच्या रक्तात ते कमी निघालं होतं, आणि सर्वांत कमी शहरी मध्यमवर्गात, म्हणजे ज्यांना अन्न विकत घेण्याची कसलीच अडचण नाही त्यांच्यात.

याचा अर्थ त्या मध्यमवर्गाने बीफ खावं असा नाही. त्याला दूध आहे, दही आहे, अंडं आहे, औषधाच्या दुकानात गोळी आहे. मला चिंता आहे ती ज्या बाईला यातलं काहीच परवडत नाही तिची. जिच्या समाजात ‘मोठ्याचं’ चालतं आणि ज्याचा भाव मटणाच्या निम्म्याहूनही कमी असतो, तिला आठवड्यातून दोनदा पाव किलो आणून पाच जणांच्या डाळीत घालता येतं. तिला ‘लाल मांस टाळा’ म्हणणारा सल्ला कुणाच्या पोटावरून काढलेला आहे? जागतिक कर्करोग संशोधन निधी सांगतो की, लाल मांस शिजवलेल्या वजनात आठवड्याला साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या पुढे नेऊ नका. तिच्या वाट्याला त्याचा चौथा हिस्साही येत नाही. इशाऱ्याची रेघ तिच्यापासून कोसभर दूर आहे.

दलित समाजाच्या खाद्यपरंपरेचा मुद्दा इथे येतो आणि तो आदराने घ्यायला हवा. मराठवाड्यात मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या अडीअडचणीला महिनोन्‌महिने पुरायच्या. मूठभर चान्यांनी अख्ख्या घराच्या कोरड्यासाला चव आणि कस यायचा. पण एखादं अन्न आपलं आहे, एवढ्यावर ते निर्दोष ठरत नाही, हेही याच समाजाने सगळ्यांआधी पाहिलं. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. तो प्रश्न माणुसकीचा होता, आणि तिथे त्यांनी कॅलरीचा हिशेब मांडला नाही. आज उलट्या बाजूने कुणी अन्नाचा हक्क मागतो तेव्हा त्यालाही पोषणाचं प्रमाणपत्र दाखवायला लावू नये. वडापाव खाणाऱ्याला आपण कधी असं प्रमाणपत्र मागितलं आहे का?

पर्यावरणाचा आक्षेप खरा आहे. किलोमागे हवामानाला सर्वांत जड पडणारं अन्न बीफच. पण मांसासाठीच वाढवलेल्या जनावराचा हिशेब दुधासाठी पाळलेल्या म्हशीला जसाच्या तसा लावता येत नाही. म्हैस दूध देण्यासाठी विते, आणि निम्म्या वेळा पाडा होतो. त्या पाड्याचं काय करायचं हा प्रश्न पनीर खाणाऱ्याचाही आहे.

आणि आरोग्याची काळजी खरीच असेल तर सरकारच्या हातात सोपे उपाय होते. 2023 च्या अखेरीस शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी 2025 मध्ये त्याचा सरकारी निधी थांबवला. द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना सांगितलं. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीच्या मुलांना हेच अंडं सरकार स्वतः देत आलं आहे. एका जिल्ह्यात जे पोषण, ते दुसऱ्या जिल्ह्यात वर्गणीचा विषय कसं होतं?

बीफपासून तब्येतीला जो धोका रोजचा आणि खात्रीचा आहे त्यावर मात्र कुणी लिहीत नाही. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे जनावर कापण्याआधी आणि कापल्यानंतर पशुवैद्याने तपासायला हवं. धाकामुळे धंदा जितका मागच्या गल्लीत सरकतो तितकी ही तपासणी, बर्फ आणि स्वच्छ पाणी त्याच्यापासून दूर जातं. कायदेशीर म्हशीचं मांस नेणारी गाडीसुद्धा अडवली जाईल या भीतीने रात्री निघते आणि उन्हात पोचते. दुसरीकडे भारत जगातल्या मोठ्या म्हैसमांस निर्यातदारांपैकी एक आहे. व्हिएतनाम, मलेशिया आणि इजिप्तला जाणारं मांस हाडं आणि गाठी काढून, गोठवून, तपासणीचा दाखला घेऊनच जातं. म्हणजे ही व्यवस्था आपल्याला उभी करता येते, आपण ती केलेलीही आहे, फक्त इथल्या गिऱ्हाइकासाठी नाही. ती इथे आणायला नवा कायदा लागणार नाही. नगरपालिकेच्या कत्तलखान्यात पशुवैद्याचं पद भरायचं, शीतगृहाला वीज द्यायची आणि कागदपत्रं बरोबर असलेली गाडी पोलिसांनी दिवसाढवळ्या जाऊ द्यायची, एवढंच करावं लागेल.